दुरावलेल्या मांजरांचें सख्य

आमच्या तळ्याच्या घरीं दोन मांजरी आहेत. एक मनी व दुसरी ठकी. दोघी एकाच वेताच्या, माजघरांतील भाताच्या कणगीमागें जन्मलेल्या, आणि चार वर्षें आईच्या पायाशीं एकाच गोधडीवर निजणाऱ्या. गेल्या वर्षीं आई डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठीं मुंबईस आमच्याकडे आली. मनीस त्या वेळीं औषध चालू असल्यामुळें आईनें तिला बरोबर आणिलें व ठकीस शेजाऱ्यांच्या हवालीं केलें. दोन महिन्यांनीं आम्ही परत गेलों. ओटीवर करंडी उघडली, मनी बाहेर आली, आणि तिला पाहून ठकी पडवींतून धांवत आली. पण दोन हातांवर येऊन ती थबकली, नाक पुढें केलें, आणि पाठीची कमान करून अशी फिस्कारली कीं, मनी उडी मारून माळ्यावर गेली. त्या रात्रीं दोघींची झोंबाझोंबी होऊन मनीच्या कानांतून रक्त आलें. तिसऱ्या दिवशीं आई म्हणाली, "अरे, एकीला पोत्यांत घालून खाडीपलीकडे सोडून ये. एका घरांत दोन वैरी नकोत." बोलतांना तिचा आवाज कांपत होता.

माझा विषय इतिहास. पुढें काय करावें हें सुचेना, कीं मागें काय घडलें हें पाहण्याची आम्हां इतिहासवाल्यांना खोडच असते. म्हणून आईकडून चार दिवसांची मुदत मागून घेतली व मांजराचा इतिहास मनांत चाळूं लागलों.

कुत्रा हा लांडग्याचा वंशज. लांडगे कळपानें शिकार करितात. म्हणून भांडण झालें तरी तें मिटविण्याची रीत त्यांच्या रक्तांत आहे. मांजराचें कूळ निराळें. पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिका यांच्या रुक्ष प्रदेशांत एकटें हिंडणारें, आपापलें रान राखून असणारें रानमांजर हें त्याचें मूळ होय. त्याची शिकार उंदराएवढी. ती वांटून खाण्याजोगी नव्हे. त्यामुळें सोबत्याची गरज नाहीं, आणि सोबती नाहीं म्हणून समेटाचीही रीत नाहीं. दुसऱ्याशीं गांठच पडूं नये यासाठीं झुडपांवर व दगडांवर गंधाच्या खुणा ठेवाव्या, हीच त्याची राजनीति.

असें हें एकांडें जनावर माणसाच्या घरीं आलें तें धान्यामुळें. माणूस शेती करूं लागला, कोठारें भरलीं, कोठारांमागें उंदीर आले आणि उंदरांमागें मांजर आलें. सायप्रस बेटावर सुमारें ९,५०० वर्षांपूर्वींच्या एका दफनांत माणसाशेजारीं मांजराचा सांगाडा सांपडला. फ्रेंच संशोधकांनीं तो शोध २००४ सालीं प्रसिद्ध केला. त्या बेटावर मूळचीं मांजरें नव्हतीं. अर्थात् तें होडींतून नेलेलें असलें पाहिजे. पुढें मिसर देशांत तर मांजरास देवीचें रूप लाभलें. घरचें मांजर मेलें असतां तेथील माणसें भुंवया काढीत, असें हिरोडोटसनें लिहून ठेविलें आहे.

आपल्याकडेही त्याच्या पाउलखुणा जुन्या आहेत. सिंधमधील चन्हुदडो येथें १९३५-३६ च्या उत्खननांत मॅके यांना एक वीट सांपडली. ती ओली असतां तिच्यावरून आधीं मांजर व मागून कुत्रा धांवत गेल्याच्या खुणा तिच्यावर आहेत. पाणिनीनें ज्यांचें वैर कायमचें आहे अशांच्या समासासाठीं स्वतंत्र नियम सांगितला, आणि टीकाकारांनीं त्याचें उदाहरण म्हणून मांजर व उंदीर यांची जोडी दिली. तळ्याजवळ कुडें येथील लेण्यांतल्या शिलालेखांत महाभोजांबरोबर व्यापाऱ्यांच्याही दानांची नोंद आहे. जेथें खाडींतून माल चढे-उतरे, तेथें उंदीर व त्यांच्या पाठोपाठ मांजर येणें क्रमप्राप्तच होतें. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला. १८९८ सालीं सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें उंदरांवरील पिसवांकडे बोट दाखविलें, आणि १९०८ सालीं अमरावतीचे सिव्हिल सर्जन बुकॅनन यांनीं, ज्या गांवांत मांजरें पुष्कळ तेथें प्लेग कमी, असें प्रतिपादन करून मांजरें पाळण्याचा उपदेश केला. मांजरासही प्लेग होऊं शकतो, हें पुढें कळलें. परंतु त्या काळीं आपल्या वऱ्हाडांत मांजर हा सार्वजनिक आरोग्याचा विषय झाला होता, ही गोष्ट खरी.

हा सारा इतिहास पाहिल्यावर माझा प्रश्नच उलटा झाला. मांजरें भांडतात यांत नवल तें काय? तीं एकत्र राहतात हेंच नवल. धान्याच्या राशीपाशीं अन्न मुबलक झालें, तेव्हां मायलेकी व बहिणी-बहिणी जवळजवळ राहूं लागल्या, एकमेकींचीं पिलें पाजूं लागल्या. मांजरांचा समाज तो एवढाच. तोही चेहऱ्याच्या ओळखीवर फारसा उभा नाहीं, तर गंधाच्या ओळखीवर. मांजराच्या गालांवर, कपाळावर व शेपटीच्या मुळाशीं गंधाच्या ग्रंथि असतात. एकत्र राहणारीं मांजरें एकमेकांस अंग घांसतात आणि सर्वांचा मिळून घराचा एक वास होतो. ती जणूं कुटुंबाची मोहोर. पण दररोज नव्यानें उमटवावी लागणारी. मनी दोन महिने दूर राहिली, तिची मोहोर पुसली गेली, वर औषधाचा व परक्या घराचा वास चढला. ठकीस दिसली ती बहिणीचें रूप घेऊन आलेली कोणी परकी. ठकी कृतघ्न नव्हती. तिच्या लेखीं तीच घराची राखण करीत होती.

मग उपाय काय? शांतिपर्वांत भीष्मांनीं धर्मराजास पलित उंदीर व लोमश मांजर यांची कथा सांगितली आहे. जाळ्यांत सांपडलेलें मांजर आणि मुंगूस व घुबड यांच्या तावडींतला उंदीर यांनीं तह केला, तो प्रेमानें नव्हे, गरजेनें. आणि तोही अंतर राखून. उंदरानें जाळें तोडलें, पण पारधी जवळ येईपर्यंत शेवटचा फांस तोडला नाहीं. मला त्यांतून एवढाच बोध झाला कीं, सख्याची सक्ति करूं नये. हित व सुरक्षितता यांची व्यवस्था करावी, सख्य मागून आलें तर येईल.

त्याप्रमाणें मनीस कोठीच्या खोलींत ठेवून दार लावून घेतलें. तिचें पाणी, दूध, मळ झांकण्याची मातीची पाटी सर्व निराळें. आईच्या जुन्या लुगड्याचे दोन तुकडे केले. एक मनीच्या गालांवरून फिरवून ठकीच्या जागीं ठेविला, दुसरा ठकीच्या गालांवरून फिरवून मनीपाशीं. ठकी पहिल्या दिवशीं त्या फडक्यावर फिस्कारली, चवथ्या दिवशीं त्यावर निजली. मग सुकटीचीं दोन ताटलीं बंद दाराच्या दोहों बाजूंस, आधीं लांब, पुढें रोज वीतभर जवळ. परक्या वासापाठोपाठ भय न येतां जेवण येतें, हें दोघींनीं शिकावें हा हेतु. दहाव्या दिवशीं दार बोटभर उघडलें. त्यानंतर घटका-घटकेची भेट. कोणी गुरगुरली तर रागें भरलों नाहीं, उचलूनही घेतलें नाहीं, कारण भांडणांत घातलेला हात दोघींच्याही नखांचा धनी होतो. मधें फक्त एक सूप आडवें धरून दोघींची नजर तोडली. मनीचा कान जनावरांच्या डॉक्टरास दाखविला. दुखणें अंगांत असतां स्वभाव सुधारत नाहीं.

चार दिवसांची मुदत तीन आठवड्यांवर गेली. आतां दोघी त्याच गोधडीवर निजतात. एक या टोकाला, एक त्या टोकाला, मधें हातभर जागा. पूर्वींसारख्या एकीच्या पोटांत दुसरीनें तोंड खुपसलेलें मीं अजून पाहिलें नाहीं. आईजवळ तसें बोललों, तेव्हां ती तांदूळ निवडीत होती. मान वर न करितां म्हणाली, "राहूं दे रे. तूंसुद्धां वर्षानें येतोस तेव्हां पहिले दोन दिवस पाहुण्यासारखा ओटीवरच बसतोस. तिसऱ्या दिवशीं चुलीपाशीं येतोस. मी कुठें घाई करतें?"