पस्तिशीची निवृत्ती : हवाई सुंदरींचा न्यायालयीन लढा

#थ्रेड

एकच विमान, तेच प्रवासी. त्यांची सेवा करणारा एअर इंडियाचा पुरुष पर्सर ५८ व्या वर्षी निवृत्त होई. हवाई सुंदरी मात्र ३५ व्या वर्षी. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत विवाह झाला किंवा पहिल्यांदा दिवस गेले, तर त्याहीआधी.

तिला ४५ पर्यंत मुदतवाढ मिळू शके, पण एकेका वर्षाची आणि तीही व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर. थोडक्यात, दर वाढदिवसाला नोकरी टांगणीला!

१९६५ मध्ये खोसला लवादापुढे हा वाद गेला होता. तरुण, आकर्षक स्त्रीच तऱ्हेवाईक प्रवाशांना नीट हाताळू शकते, असे त्याचे मत पडले. सेवेचे मोल वयाशी आणि रूपाशी जोडण्याची ही वृत्ती एकट्या भारताची नव्हती. अमेरिकेतील विमान कंपन्यांनीही तिशीच्या आसपास असे नियम लावले होते.

अखेर नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी न्यायालयात गेल्या आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. २८ ऑगस्ट १९८१ रोजी न्या. मुर्तझा फझल अली यांनी निकाल दिला. गर्भधारणेची अट आणि संचालकांचा निरंकुश अधिकार रद्द झाला. निवृत्तीचे वय व्यवहारात ४५ झाले. विवाहाची अट मात्र टिकली.

आणि भेदभावाचा मूळ मुद्दा? तो न्यायालयाने फेटाळला. भरती, वेतन, बढती वेगळी, म्हणून दोन्ही संवर्ग वेगळे. शिवाय संविधान ‘केवळ’ लिंगावरून होणारा भेद निषिद्ध मानते, असा युक्तिवाद. परंतु हे संवर्ग वेगळे केले कोणी? मालकानेच. निकालाची ही दुबळी बाजू आजही खटकते.

१९८९ मध्ये केंद्र सरकारने हवाई सुंदरींना ५८ पर्यंत सेवा दिली. पण उड्डाण ४५ पर्यंतच, पुढे जमिनीवरचे काम. उड्डाणाची मर्यादा नंतर ५० झाली. पुरुष ५८ पर्यंत उडतच राहिले.

मुंबई उच्च न्यायालयाने २००१ मध्ये हा भेद अमान्य केला. त्याविरुद्ध अपिलात गेली ती केबिन क्रूची संघटना! संघटनांनी व्यवस्थापनाशी केलेल्या जुन्या करारांतच दोन्ही संवर्ग वेगळे राखले होते. त्यांवर भर देऊन ११ जुलै २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल फिरवला आणि पन्नाशीची मर्यादा वैध ठरवली.