नाव न सांगता माहिती मागता येते का?

आजचा भाग बर्डीवरून. म्हणजे सीताबर्डीवरून, पण नागपुरात पूर्ण नाव घेतंय कोण! इथल्या झेरॉक्सच्या दुकानांत अर्ज टाईप करायला माणसं येतात, त्यात माहिती अधिकाराचेही असतात. वर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. एका श्रोत्याने विचारलंय, "दादा, अर्ज करायचाय, पण आपलं नाव कळलं तर?"

ही भीती उगाच नाही. 13 जानेवारी 2010 ला तळेगाव दाभाडेत सतीश शेट्टी सकाळी फिरायला निघाले आणि रस्त्यातच त्यांचा खून झाला. जमिनीचे गैरव्यवहार त्यांनी माहिती अधिकारातून बाहेर काढले होते. त्यांनी पोलीस संरक्षणही मागितलं होतं. पुढे तपास सीबीआयकडे गेला. माहिती मागणारा कोण आहे हे सगळ्या गावाला ठाऊक असणं किती महागात पडू शकतं, ते तेव्हा राज्याला कळलं.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. केंद्राचा कायदा 12 ऑक्टोबर 2005 ला लागू झाला. महाराष्ट्रात त्याआधीच, 2003 मध्ये, राज्याचा स्वतःचा कायदा आला होता. अण्णा हजारेंच्या उपोषणानंतर. केंद्राच्या कायद्याचं कलम 6(2) लहानसं आहे, पण लक्षात ठेवण्यासारखं: अर्जदाराला कारण विचारायचं नाही, आणि संपर्कापुरती सोडून इतर वैयक्तिक माहितीही मागायची नाही. पण हा अधिकार फक्त नागरिकांना आहे, त्यामुळे नाव लिहावंच लागतं. स्वीडनमध्ये 1766 पासून सरकारी कागद बघण्याचा हक्क आहे, आणि तिथे आज तुम्ही कोण, कशाला हवंय, हे साधारणपणे विचारायलाच मनाई आहे. आपल्याकडे निम्मीच वाट चालून झाली.

मग पत्त्याचं काय? 2013 मध्ये अभिषेक गोयंका कलकत्ता उच्च न्यायालयात गेले. घरचा पत्ता का द्यायचा, पोस्ट बॉक्स नंबर पुरत नाही का? न्यायालय म्हणालं, पुरतो. अडचण आली तर अधिकारी तपशील मागू शकतात, पण मग ते लपवून ठेवणं, विशेषतः वेबसाइटवर न टाकणं, ही जबाबदारी त्यांचीच. जानेवारी 2014 मध्ये केंद्राने हा निकाल सगळ्या खात्यांना कळवला.

कळवला, आणि तरीही काय झालं ऐका. साकेत गोखले, जे पुढे 2023 मध्ये राज्यसभेचे खासदार झाले, तेव्हा मुंबईलगत राहत होते. माहिती व प्रसारण मंत्रालयाने त्यांच्यासह चार हजारांहून अधिक अर्जदारांचे तपशील आपल्या वेबसाइटवर टाकून ठेवले होते. 2020 मध्ये त्यांच्या घराबाहेर लोक जमले, धमक्या आल्या. ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबर 2020 मध्ये न्यायालयाने त्यांना 25,000 रुपये द्यायला सांगितलं. बाकीच्या हजारोंचं काय, हा माझा प्रश्न आहे.

दुसरी बाजू तर आपल्याच विदर्भातली. गिरीश देशपांडे यांनी अकोल्यातल्या एका भविष्य निर्वाह निधी अधिकाऱ्याची मालमत्ता आणि नोकरीचे तपशील मागितले. प्रकरण नागपूर खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि ऑक्टोबर 2012 मध्ये निकाल आला की ही वैयक्तिक माहिती आहे, मिळणार नाही. मागणाऱ्याचा पत्ता वेबसाइटवर जाऊ शकतो, अधिकाऱ्याची मालमत्ता मात्र खाजगी! गंमत बघा.

तर दादा, उत्तर असं. ऑनलाइन पोर्टलवर नाव, पत्ता, ईमेल भरावा लागतो, फीही ऑनलाइनच, म्हणजे माग राहतोच. कागदी अर्जात पत्त्याऐवजी पोस्ट बॉक्स नंबर देता येतो. जीपीओ बर्डीपासून काही फार लांब नाही. सोबत कलकत्त्याच्या निकालाची प्रत जोडा. ती झेरॉक्सच्या दुकानातच काढून मिळेल.