एका दिवसाचा रस्ता



सायकलच्या शर्यतीवर बोलायला माझ्यासारखा युनियनचा माणूस का उभा राहिला, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटले असेल. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि गिरणीच्या फाटकावर अधिक झाले. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की त्या फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडे. सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला लागे, रात्री दिवा लागे. दिवा नसला तर हवालदार चाकातली हवा सोडून देई, आणि रात्रपाळीचा थकलेला माणूस सायकल हातात धरून घरी चालत जाई. तेव्हा दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊन शहरी दरसाल सुमारे पस्तीस हजार माणसे एकाच दिवशी सायकलची शर्यत करतात असे वाचले, त्या वेळी माझ्या मनात प्रथम प्रश्न आला तो हा, की यांत कामावर सायकलने जाणारे किती?

या शर्यतीचा उगम मला शर्यतीत सापडला नाही, तो एका मागणीत सापडला. १९७७ साली बिल मायल्री आणि जॉन स्टेगमन या दोघांनी केप टाऊनमध्ये सायकलस्वारांचा एक मेळावा रस्त्यावर काढला. आपण त्याला सायकल-मोर्चाच म्हणू. मागणी साधी होती : देशात सायकलींसाठी वेगळे मार्ग हवेत. शेकडो लोक आले. खुद्द शहराचे महापौरही त्यात सामील झाले. ज्याच्यापुढे मागणी मांडायची तोच मोर्चात येऊन चालू लागला की मागणीचे काय होते, हे युनियनमध्ये ज्यांनी दिवस काढले त्यांना सांगायला नको.

पुढल्याच वर्षी, १९७८च्या ऑक्टोबरात, त्या उत्साहातून पहिली शर्यत निघाली. पाचशेच्या वर स्पर्धक होते. लॉरेन्स व्हिटेकर हा तीन तासांहून थोडा अधिक वेळ घेऊन पहिला आला. ‘आर्गस’ या स्थानिक दैनिकाने आश्रय दिला आणि पुढे कित्येक वर्षे लोक शर्यतीलाच ‘आर्गस’ म्हणत. सायकलमार्ग मागणाऱ्यांची जी संघटना त्या चळवळीतून उभी राहिली, ती आणि क्लेअरमाँट भागातील रोटरी क्लब मिळून शर्यत चालवतात. उरलेला पैसा धर्मादाय कामाला जातो. यात कोणाची लबाडी होती असे मी म्हणत नाही. माणसे प्रामाणिकच होती. पण मागणी मागे पडली आणि उत्सव पुढे गेला.

आपल्याकडे परवाच एक मे झाला. १८८६ साली अमेरिकेतल्या कामगारांनी आठ तासांच्या दिवसासाठी संप केला, त्याची ही आठवण. आज त्या दिवशी सुट्टी मिळते. पण दहा-बारा तास राबणारा कंत्राटी मजूर कित्येकदा त्याच दिवशी कामावर असतो. म्हणून मी केप टाऊनच्या लोकांना हसत नाही.

आता मार्ग पाहा. सुमारे १०९ किलोमीटरचा हा फेरा शहराच्या मध्यभागी सुरू होऊन केपच्या द्वीपकल्पाला वळसा घालतो आणि समुद्रकाठाने परत येतो. जगातल्या अतिसुंदर रस्त्यांत त्याची गणना होते, आणि ते खरेच असावे. परंतु रस्त्याला इतिहास असतो. जिथून स्पर्धक निघतात तिथून जवळच डिस्ट्रिक्ट सिक्स ही वस्ती होती. १९६६ साली ती ‘फक्त गोऱ्यांसाठी’ जाहीर झाली आणि साठ हजारांच्या आसपास माणसे उठवून दूरच्या वाळवंटी मैदानात नेऊन टाकली. पुढे सायमन्स टाऊन हे बंदराचे गाव लागते. तिथल्या मिश्रवर्णीय रहिवाशांवर १९६७ साली तीच वेळ आली. त्यांतील पुष्कळांना जिथे वसवले त्या वस्तीचे नाव ओशन व्ह्यू, म्हणजे समुद्रदर्शन! समुद्रकाठच्या घरांतून काढून या नावाच्या वस्तीत बसवणाऱ्या अधिकाऱ्याला विनोदबुद्धी होती की लाज नव्हती, हे तुम्हीच ठरवा. शर्यत या वस्तीच्या बाजूने जाते. त्यानंतर चॅपमन्स पीकचा तो विख्यात कड्यावरचा रस्ता. तो १९१५ ते १९२२ या काळात खोदला गेला आणि खडक फोडायला कैदी लावले होते. स्पर्धक त्या वळणांवर दम खातात. पुढे हाउट बे आणि सुइकरबॉसीची शेवटची चढण ओलांडली की उतार लागतो. सात तासांच्या आत पोचले म्हणजे झाले. बहुतेकांची शर्यत दुसऱ्याशी नसते, स्वतःच्या गुडघ्यांशी असते.

२०१५ साली डोंगरावर वणवा पेटला आणि शर्यत ४७ किलोमीटरवर आणावी लागली. २०१७च्या मार्चमध्ये तर वाऱ्याने सायकली हातांतून उडू लागल्या आणि ती मध्येच रद्द झाली. त्याच्या आदल्याच दिवशी हाउट बेच्या इमिझामो येथू या झोपडवस्तीत आग लागून हजारो माणसे उघड्यावर आली होती. स्पर्धकांसाठी आणलेले पाणी आणि खाणे मग त्या वस्तीला पाठवले. हे चांगलेच झाले. मात्र शर्यत पार पडली असती तर त्या दिवशी सारे स्वार त्या वस्तीच्या पायथ्याशीच वळून सुइकरबॉसी चढले असते.

या रस्त्यावर सायकल चालवणारा एक माणूस मला विशेष वाटतो. म्यूझनबर्गजवळच्या कॅप्रिकॉर्न या गरीब वस्तीतला निकोलस ड्लामिनी. २०१९च्या डिसेंबरात तो डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानात सराव करीत असता प्रवेशाच्या परवान्यावरून तिथल्या रक्षकांशी झटापट झाली, आणि त्याचा हात मोडला. त्याचे चित्रण कोणीतरी केले म्हणून ते जगाला कळले. दीड वर्षाने, २०२१ साली, फ्रान्सच्या प्रसिद्ध शर्यतीत उतरणारा तो पहिला कृष्णवर्णीय दक्षिण आफ्रिकन ठरला.

आणि मूळच्या मागणीचे काय? काही झालेच नाही असे नाही. २०१०च्या फुटबॉल विश्वचषकाच्या सुमारास शहरातून उत्तरेकडे टेबल व्ह्यूपर्यंत नवा बसमार्ग झाला, त्याच्या कडेने सायकलमार्ग आला. इतरत्रही पट्टे रंगवले गेले. तरी कामावर सायकलने जाणारे त्या शहरात शंभरांत एकही भरत नाही. कारण अंतरे. खायेलित्शासारखी वस्ती १९८३ नंतर शहरापासून पंचवीस-तीस किलोमीटरवर वसवली ती मजूर जवळ राहू नये म्हणूनच. परवान्याचा कायदा १९८६ साली गेला. अंतर तेवढेच राहिले. तिथला माणूस पहाटे अंधारात निघतो, मिळेल त्या टॅक्सीत किंवा आगगाडीत उभा राहतो, आणि पगाराचा मोठा वाटा भाड्यात घालवतो. मी सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला त्याच्याकडून मिळाले.