पॅरामीटरची यादी आणि तिची सुरक्षितता : कल्याण-डोंबिवलीच्या नागरी संगणकीकरणापासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एजंटांपर्यंत

प्रस्तावना

दप्तराची यादी पाहणे आणि दप्तराचा रुमाल सोडणे ही दोन भिन्न कामे आहेत, हे जुन्या कचेरीतील कारकुनास सांगावे लागत नसे. संगणकाच्या क्षेत्रात हा भेद उशिरा प्रस्थापित झाला आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या एजंटांमुळे तो आज पुन्हा पुसट होऊ लागला आहे. या भेदाची वाटचाल ठाणे जिल्ह्याच्या संदर्भात पाहणे उपयुक्त ठरते. नागरी संगणकीकरणाचा गाजलेला प्रयोग याच जिल्ह्यात झाला आणि डेटा सेंटरांची मोठी वसाहतही येथेच उभी राहिली.

खोलीचे कुलूप

1983 मध्ये स्थापन झालेल्या कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत करवसुली, जन्म-मृत्यूचे दाखले इत्यादी कामे संगणकावर आणून नागरी सुविधा केंद्र सुरू केले. पुढे राज्य शासनाने हे प्रारूप इतर नागरी संस्थांसाठी स्वीकारले. या प्रयोगाचे कौतुक बहुधा नागरिकांची रांग कमी झाली म्हणून केले जाते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यातील दुसरी बाब महत्त्वाची आहे. एकच प्रणाली अनेक शहरांत चालवावयाची, तर कराचे दर, प्रभागांची नावे, डेटाबेसचा पत्ता, त्याचा परवलीचा शब्द या शहरागणिक बदलणाऱ्या गोष्टी मूळ प्रोग्रामच्या बाहेर ठेवाव्या लागतात. यांनाच कॉन्फिगरेशनचे पॅरामीटर म्हणतात. त्या काळातील बहुसंख्य प्रणालींत ही माहिती सर्व्हरवरील एखाद्या फाइलमध्ये असे. ज्यास फाइल उघडता येई, त्यास कराचा दर आणि परवलीचा शब्द शेजारशेजारच्या ओळींत दिसे. खरे संरक्षण होते ते सर्व्हरच्या खोलीला लावलेल्या कुलपाचे!

कुलपाची जागा परवानगीने घेतली

ॲमेझॉनने 2006 मध्ये साठवण आणि संगणनाच्या सेवा भाड्याने देण्यास प्रारंभ केला. जून 2016 मध्ये तिचा मुंबई विभाग कार्यान्वित झाला. एकेकाळी रासायनिक कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात, ऐरोली, रबाळे, महापे या भागांत, विविध कंपन्यांची डेटा सेंटरे उभी राहिली. ठाणे-डोंबिवलीतील अभियंत्यांच्या दृष्टीने सर्व्हर आता ‘आपल्या’ खोलीत उरला नाही. कोणास काय पाहता येईल, हे परवानगीच्या नियमांनी ठरू लागले.

2016 च्या अखेरीस ॲमेझॉनने ‘पॅरामीटर स्टोअर’ ही सुविधा आणली. तीत पॅरामीटरचे वर्णन मागणारी आज्ञा आणि त्याचे मूल्य मागणारी आज्ञा या स्वतंत्र ठेवण्यात आल्या. वर्णनाच्या आज्ञेने नाव, प्रकार, बदलाची तारीख अशी माहिती मिळते, मूल्य मात्र मिळत नाही. मूल्य गुप्त प्रकारचे असून ते ग्राहकाने स्वतः व्यवस्थापित केलेल्या किल्लीने बंद केले असेल, तर ते उलगडण्यासाठी ती किल्ली वापरण्याची निराळी परवानगी लागते. कारकुनाचा जुना विवेक अशा रीतीने यंत्रात उतरला.

तो पूर्णपणे उतरला, असे मात्र म्हणता येत नाही. पॅरामीटरची नावे फोल्डरप्रमाणे उतरंडीत मांडता येतात आणि एका मार्गाखालील सर्व मूल्ये एकदम मागणारी आज्ञाही उपलब्ध आहे. वरच्या मार्गाची परवानगी असलेल्या व्यक्तीस खालचा एखादा पॅरामीटर स्पष्टपणे नाकारला, तरी या आज्ञेने तो वाचता येतो, असा इशारा ॲमेझॉनच्याच दस्तऐवजात आहे. दिवाणखान्याची किल्ली दिली की तिजोरीही उघडते, असा हा प्रकार. शिवाय घाईत परवलीचा शब्द साध्या प्रकारात नोंदवला गेला, तर किल्लीचे संरक्षण त्यास मिळतच नाही.

केवळ यादी पाहण्याची परवानगीही निरुपद्रवी नसते. 2019 मध्ये अमेरिकेतील कॅपिटल वन बँकेच्या सुमारे 10 कोटी अमेरिकी आणि 60 लाख कॅनेडियन ग्राहक-अर्जदारांची माहिती बाहेर गेली. फिर्यादीत नमूद केलेला क्रम असा : प्रथम एका भूमिकेचे अधिकारपत्र मिळवणे, नंतर साठवणीच्या कप्प्यांची यादी काढणे, शेवटी त्यांतील मजकूर उतरवणे. संरक्षक भिंतीसाठी नेमलेल्या भूमिकेस ही यादी काढण्याचा अधिकार कशासाठी हवा होता, हा प्रश्न त्यानंतर विचारला गेला.

एजंटाच्या हाती यादी

नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ प्रसिद्ध केला. भाषिक प्रतिमानांस बाह्य साधने जोडण्याची ही एक सामाईक पद्धत होय. मार्च 2025 च्या आवृत्तीत एखादे साधन ‘केवळ वाचणारे’ आहे, अशी खूण करण्याची सोय झाली. मात्र साधन पुरवणारा विश्वासार्ह नसेल तर ही खूण खरी मानू नये, असे त्याच आवृत्तीत बजावले आहे.

येथे एक गैरसमज संभवतो. ‘केवळ वाचन’ म्हणजे सुरक्षित, ही धारणा फाइल पुसली जाण्याच्या भीतीतून आली आहे. परवलीच्या शब्दाच्या बाबतीत मात्र वाचन हीच हानी असते. गुप्त मूल्य उलगडून आणणारी आज्ञा काहीही बदलत नाही, म्हणून ती वाचनाच्याच वर्गात बसते. एजंटाने ती चालविली, की मूल्य त्याच्या संभाषणात, तेथून प्रतिमान पुरविणाऱ्या कंपनीकडे आणि नोंदींच्या फाइलींत पोहोचू शकते. पॅरामीटरच्या वर्णनात कोणी खोडसाळपणे सूचना लिहून ठेवली, तर एजंट तीच आज्ञा समजण्याचाही धोका आहे. म्हणून यादीचे साधन नावे आणि प्रकारच परत करणारे असावे, मूल्य मागण्याची आज्ञा त्यात मुळात नसावी आणि त्यामागील भूमिकेसही ती परवानगी नसावी. एजंटास ‘मूल्य वाचू नकोस’ असे शब्दांत बजावणे म्हणजे नियम करणे नव्हे, ती केवळ विनंती ठरते.

नोंदींचा प्रश्न त्याहून अवघड आहे. सर्ट-इनच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवाव्या लागतात आणि प्रणालींच्या नोंदी 180 दिवस जपाव्या लागतात. एजंट जर अभियंत्याच्याच अधिकारपत्राने काम करीत असेल, तर त्या नोंदींत अभियंत्याचे नाव दिसते. मूल्य माणसाने मागितले की यंत्राने, हे 180 दिवसांच्या नोंदी चाळूनही उमगत नाही. त्यासाठी एजंटास स्वतंत्र भूमिका आणि स्वतंत्र नाव द्यावे लागते.