जुवापासून तारेपर्यंत

तापीच्या दक्षिणेस, अमरावती नदीच्या काठी वसलेल्या दोंडाईचा या कसब्याचा इतिहास सांगू लागले, म्हणजे सांगणारा बहुधा रावल घराण्याच्या जहागिरीपासून आरंभ करतो, तेथून लाल मिरचीच्या बाजारपेठेवर येतो आणि शेवटी रेल्वेच्या स्थानकापाशी थांबतो. परंतु त्या बाजारात आजवर जे जे पोते उतरले, ते कशाने तरी ओढून आणले गेले होते, आणि ओढणारा व ओढले जाणारे ओझे यांच्यामध्ये कोणता ना कोणता सांधा होता, याची नोंद मात्र कोणत्याही दप्तरात सहसा आढळत नाही. हा सांधा दुहेरी कामाचा आहे. ओढणाऱ्याचे बळ ओझ्यापर्यंत पोहोचवणे हे त्याचे पहिले काम. ओढणाऱ्याचा हेतू, म्हणजे तो थांबणार आहे, वळणार आहे की वेग कमी करणार आहे, हे ओझ्याला आणि ओझ्यामागून येणाऱ्या परक्या माणसाला कळवणे हे त्याचे दुसरे काम. खानदेशच्या रस्त्यांवर पहिले काम प्रत्येक पिढीने मोठ्या कौशल्याने साधले. दुसऱ्याची तजवीज मात्र दर वेळी मागाहून, आणि पुष्कळदा माणसे मेल्यानंतर, करावी लागली, असे माझे मत आहे.

बैलगाडीचा सांधा पाहावा तो पहाटेच्या वेळी, गाडी जुंपली जात असताना. धुरकरी जू उचलून धरतो. रोजच्या सवयीने मुरलेले बैल न हाकलताच पुढे येऊन त्याखाली मान देतात. मग जुवाच्या टोकांशी असलेल्या भोकांत शिवळा बसतात, मानेखालून जुपणी फिरवून अडकवली जाते, आणि केवळ दोन लाकडी खुंट्या व दोन पट्ट्यांच्या आधारावर अख्ख्या गाडीचा भार दोन जिवंत मानांवर येऊन ठरतो. भार किती यावा, याचे ज्ञान फार सूक्ष्म होते. पोती मागे अधिक पडली तर गाडी उलार होते, दांडी वर उचलली जाते आणि जुपणी बैलांच्या गळ्यास फास घालू पाहते. पुढे अधिक पडली तर खांदे सोलून निघतात. म्हणून जाणता शेतकरी गाडी भरताना मधून मधून दांडी हाताने उचलून पाही, आणि ती किंचित जड लागली म्हणजे समाधान मानी. हेतू कळवण्याचे साधन म्हणजे कासरा, वेसण आणि धुरकऱ्याची हाळी. मागच्यासाठी दिवसा घुंगरमाळेचा आवाज आणि रात्री आखाखाली टांगलेला कंदील. गती मंद होती, तोवर एवढे पुरत असे.

हा सांधा किती जुना आहे, हे पाहण्यास दूर जावे लागत नाही. दोंडाईचाच्या उत्तरेस तापी ओलांडली की शहादे तालुक्यात सावळदे हे गाव लागते. याच गावाच्या नावाने पुरातत्त्वज्ञ तापीच्या खोऱ्यातील एक अतिप्राचीन ताम्रपाषाणयुगीन संस्कृती ओळखतात, आणि प्रवरेकाठच्या दायमाबादच्या सर्वांत खालच्या थरांतही तिचेच अवशेष मिळाले आहेत. त्याच दायमाबादला १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला ब्राँझच्या चार वजनदार मूर्ती सापडल्या. त्यांत गेंडा, हत्ती आणि रेडा यांच्याबरोबर दोन बैल जुंपलेला एक रथ आहे आणि त्यावर हाकणारा पुरुष उभा आहे. या मूर्तींचा काळ कोणता, याविषयी विद्वानांत वाद आहे. परंतु दोन बैल, त्यांच्या मानांवरचे जू आणि जुवापासून रथापर्यंत गेलेली लांब दांडी ही रचना पाहून खानदेशातला कोणताही वृद्ध शेतकरी तिची ओळख विचारीत बसणार नाही.

इंग्रजी अंमल खानदेशात १८१८ साली आला, तेव्हा मुलखातील लांबचा व्यापार गाड्यांपेक्षा वंजाऱ्यांच्या लदनीच्या बैलांवर अधिक चालत असे, कारण गाडीस रस्ता लागतो आणि लदनीच्या बैलास पायवाट पुरते. दख्खनच्या पुष्कळ भागांत त्या काळी जी गाडी होती, तीही दगडाच्या किंवा भरीव लाकडाच्या चाकांची, पुष्कळ बैलांनी मोठ्या कष्टाने ओढायची अशी होती. १८३६च्या सुमारास सोलापूरकडील टेंभुर्णीस गेसफर्ड नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने हलक्या, आऱ्यांच्या गाड्या बनवण्याचा कारखाना घातला, आणि दोन बैलांनी ओढता येणारी, लोखंडी धाव चढवलेली गाडी हळूहळू सर्वत्र पसरली. पुढे मुंबई-आग्रा रस्ता धुळ्यावरून बांधला गेला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे हिंदुस्थानी कापसाला अकल्पित भाव आला. आणि ज्या गाडीने आजवर शेतातले खत व घरातले धान्य वाहिले, तीच गाडी लँकेशायरच्या गिरण्यांचा कच्चा माल वाहू लागली. सांधा मात्र तोच राहिला.

एका गाडीस दुसरी गाडी बांधण्याची कल्पना खानदेशाला आगगाडीने शिकवली, असे कोणी म्हणेल तर ते मला मान्य होणार नाही, कारण बारागाड्यांची वहिवाट या मुलखात आहे. खंडेरावाच्या किंवा मरीआईच्या यात्रेत, कोठे चैत्रात, कोठे आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बैल न जुंपलेल्या गाड्या एकामागे एक उभ्या करतात, एकीची दांडी पुढचीच्या मागल्या अंगास दोरखंडांनी आवळून बांधतात, त्यांवर माणसे दाटीने बसतात, आणि नवसाचा भगत, दोन्ही अंगांस बगले, म्हणजे आधार देणारे सोबती, घेऊन, ती सारी माळ ओढीत नेतो. जळगावलगतच्या पिंप्राळ्यास आखाजीच्या दिवशी हा सोहळा होतो, आणि खानदेशातील गावोगावी तो या ना त्या रूपाने पाहावयास मिळतो. त्यामागील श्रद्धेची चिकित्सा करण्याचा माझा हेतू नाही. ओढगाड्यांच्या इतिहासाचा अभ्यासक म्हणून एवढेच सांगावयाचे, की ती माळ हलवणे जितके अवघड, तितकेच ती थांबवणे अवघड असते. वेग आलेल्या बारा गाड्यांना थोपवण्याचे कोणतेही साधन त्या दोरखंडांत नाही, आणि पुढच्या गाडीने गती सोडली हे मागच्या गाडीस केवळ धक्क्यानेच कळते. गर्दीतली माणसे चाकांखाली सापडण्याचे अनर्थ घडतात, ते याच कारणाने.

१९०० साली सुरतेहून निघालेला तापी व्हॅली रेल्वेचा मार्ग नंदुरबार, दोंडाईचा, नरडाणा या क्रमाने अंमळनेरास पोहोचला, आणि खानदेशाच्या पश्चिम भागाने प्रथमच असा सांधा पाहिला, ज्यात दोन्ही कामांचा विचार झाला होता. डब्याच्या मध्यभागी लोखंडी हुक, त्यात अडकणारा आणि दांड्याने पिळून ताठ करता येणारा स्क्रू, दोन्ही बाजूंस धक्का झेलणारे बफर: ही बळाची व्यवस्था. आणि तिच्या शेजारी, प्रथमदर्शनी क्षुद्र वाटणारी, डब्याडब्यांतून अखंड गेलेली रबरी नळी: ही हेतूची व्यवस्था. निर्वात ब्रेकाची ही पद्धत मोठ्या बुद्धिमत्तेची होती. इंजिन त्या नळीतील हवा शोषून घेई, आणि हवा नाही तोवर ब्रेक सुटलेले राहत; ड्रायव्हराने हवा आत सोडली की सर्व डब्यांचे ब्रेक लागत, आणि एखादा डबा मध्येच तुटून सुटला तर नळी फाटून हवा आपोआप आत शिरे व तुटलेला डबाही जागच्या जागी आवळला जाई. म्हणजे सांधा निखळणे हाच थांबण्याचा हुकूम. पुढे निर्वाताच्या जागी दाबलेल्या हवेचे ब्रेक आले, स्क्रूच्या जागी मध्यवर्ती कपलर आले, आणि आता हा मार्ग दुहेरी होऊन त्यावर विजेची इंजिने धावतात. पण तत्त्व तेच टिकले आहे. दोंडाईचाच्या स्थानकासमोर मिरचीची पोती उतरवणाऱ्या गाडीवानांनी ही नळी पिढ्यान् पिढ्या पाहिली असली पाहिजे. तिचा धडा स्थानकाच्या फाटकाबाहेर आला नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

ट्रॅक्टर आला तेव्हा ही उणीव उघडी पडली. स्वातंत्र्यानंतर १९५९ साली फरिदाबादेस आयशर कंपनीचा आणि १९६० नंतरच्या दशकात मुंबईच्या कांदिवलीस महिंद्रांचा ट्रॅक्टर तयार होऊ लागला. त्याचे मूळ काम नांगरटीचे. परंतु शेतकऱ्याच्या लक्षात लवकरच आले, की वर्षाचे फार थोडे दिवस नांगरटीचे असतात आणि वाहतूक बाराही महिने असते. गावोगावच्या वेल्डिंगच्या दुकानांतून लोखंडी ट्रॉल्या तयार होऊ लागल्या. त्यांचा सांधा म्हणजे ट्रॅक्टरच्या मागील हुकाच्या दोन जबड्यांत ट्रॉलीच्या दांडीचा डोळा सरकवायचा आणि वरून जाड पिन सोडायची. पिनेच्या तळाशी भोक असते, त्यात खिटी घालावयाची असते, आणि ती खिटी हरवली की तारेचा तुकडा पिळून काम भागवले जाते. दोन चाकी ट्रॉलीचा थोडा भार हुकावर यावा लागतो, चार चाकीचा येत नाही. उलार ट्रॉली ट्रॅक्टरचे मागचे अंग उचलू पाहते आणि त्याच्या चाकांची पकड सुटते. दांडी उचलून भार जोखणाऱ्या शेतकऱ्यांच्या मुलांना हे नव्याने शिकवावे लागले नाही. बळाचा सांधा त्यांनी वारशानेच उचलला.

हेतूचा सांधा मात्र जुवाबरोबरच सुटून गेला. बैलाचा वेग होता तोवर कंदील पुरत होता. ट्रॉली त्याच्या कितीतरी पट वेगाने आणि कितीतरी पट ओझ्याने धावू लागली, आणि तिच्या मागे ना दिवा, ना ब्रेक, ना वळणाची खूण. दोंडाईचाच्या मालाचा स्वभावही या दोषास पोषक ठरला: वाळलेली मिरची आणि कापूस हे वजनास हलके व आकारास अवाढव्य असल्याने ट्रॉली उंच आणि रुंद भरली जाते, बारदान व ताडपत्री मागल्या फळीवरून खाली लोंबते, आणि एखाद्या दक्ष मालकाने तेथे दिवा बसवला असलाच तर तो मालाखाली झाकला जातो. तापीपलीकडे शहाद्याच्या पुरुषोत्तमनगरास सहकारी साखर कारखाना उभा राहिल्यावर उसाच्या ट्रॉल्यांची, एका ट्रॅक्टरमागे दोन दोन जोडलेल्यांची, रात्रीची रहदारी वाढली. कायदा या बाबतीत मुका नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्याने ट्रेलर हे स्वतंत्र वाहन मानले आहे, त्याची नोंदणी सांगितली आहे, आणि ओढणाऱ्या वाहनाचा क्रमांक मागल्या ट्रेलरवर दिसला पाहिजे असेही बजावले आहे. तरीही दर हंगामात पोलीस आणि कारखाने मिळून ट्रॉल्यांच्या पाठीमागे लाल परावर्तक कापड बांधण्याची मोहीम काढतात, तेव्हा कोठे मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्यास पुढे काय आहे ते दिसते. ते थांबले आहे की चालते आहे, हे कापड सांगू शकत नाही. अनेक ट्रॅक्टरांच्या पाठीस कारखान्यातूनच सात छिद्रांचा सॉकेट बसवून आलेला असतो. त्याच्या झाकणावर वर्षानुवर्षांची धूळ असते, कारण ट्रॉलीकडून तेथवर येणारी तार कोणी ओढलेलीच नसते.

विजेच्या वाहनांनी या प्रश्नाला अनपेक्षित वळण दिले आहे. पुण्याजवळील रांजणगावी तयार होणारी टाटांची नेक्सॉन ही विजेवरची मोटार २०२०च्या आरंभी बाजारात आली, त्याच वर्षाच्या अखेरीस सोनालिकाने विजेचा ट्रॅक्टर आणला. आणि जेथे मोटार येते तेथे तिच्यामागे काही ओढावे, ही इच्छा येतेच. पण या मोटारीचा सांधा वेल्डिंगच्या दुकानात होण्यासारखा नाही. तिच्या तळाशी बॅटरीची भली मोठी पेटी असते, शेकडो व्होल्टांच्या नारिंगी वेष्टनाच्या तारा तिच्याखालून जातात, म्हणून छिद्र पाडणे तर सोडाच, निर्मात्याने मागील तुळईवर दिलेल्या जागांखेरीज कोठेही हुकाची पट्टी कसता येत नाही. आणि पुस्तिकेत ओढण्याचे वजन दिलेले नसेल, तर हुक बसवू नये हेच उत्तर खरे मानावे. वजन दिले असले तरी ओढगाडी जोडल्यावर एका चार्जिंगमध्ये कापले जाणारे अंतर निम्म्यावर येऊ शकते, हा हिशेब प्रवासाआधी करावा लागतो.

तारेची गोष्ट त्याहून नाजूक आहे. जुन्या मोटारीत मागल्या दिव्याची तार सोलून तीतच दुसरी तार पिळली की ट्रेलरचा दिवा लागे. नव्या मोटारीत प्रत्येक दिव्याकडे किती प्रवाह गेला, यावर संगणक पहारा ठेवतो. भलताच प्रवाह गेलेला दिसला की तो दोष जाहीर करतो किंवा दिवाच बंद करतो. म्हणून मध्ये एक छोटी पेटी बसवतात, जी मोटारीच्या दिव्यांकडून केवळ इशारा उचलते आणि प्रत्यक्ष वीज मात्र १२ व्होल्टांच्या साहाय्यक बॅटरीकडून, स्वतंत्र फ्यूजमधून घेते. कारण विजेच्या मोटारीतही मुख्य बॅटरीखेरीज ही लहान बॅटरी असतेच. पेटीतून सात तारा सॉकेटात जातात: पिवळी डाव्या वळणाची, हिरवी उजव्या वळणाची, लाल ब्रेकची, तपकिरी व काळी उजव्या-डाव्या मागल्या दिव्यांची, निळी धुक्याच्या दिव्याची आणि पांढरी परतीच्या प्रवाहाची, जिला आपले इलेक्ट्रिशियन अर्थ म्हणतात.

या पांढऱ्या तारेविषयी विशेष आग्रहाने लिहिले पाहिजे. ट्रॉलीस दिवे बसवताना तार वाचवण्यासाठी परतीचा प्रवाह हुकाच्या आणि पिनेच्या लोखंडातूनच नेण्याची पद्धत आहे. नव्या पिनेवर ते साधते. पिन गंजली, तिच्यावर ग्रीस व धूळ बसली, खड्ड्यात ट्रॉली उचलली गेली, की प्रवाह तुटतो, ब्रेकचा दिवा मंदावतो, वळणाचा दिवा लावला तर मागचे सारेच दिवे लुकलुकू लागतात आणि मागच्याला भलताच अर्थ कळतो. बळ वाहण्यासाठी घडवलेल्या पिनेकडून हेतूही वाहून घेण्याचा हा प्रयत्न आहे, आणि तो विजेच्या मोटारीवर किंवा साध्या ट्रॅक्टरवर, कोठेच चालवून घेऊ नये. पांढरी तार इतर सहांपेक्षा जाड घ्यावी, ती सॉकेटापासून ट्रॉलीच्या मागल्या दिव्यांपर्यंत अखंड न्यावी, आणि दिवे मिरचीच्या पोत्यांखाली झाकले जाणार नाहीत इतके बाहेर, चाकाच्या मडगार्डाच्या कडेस बसवावेत.