एमबीएचा प्रोजेक्ट रिपोर्ट मोबाइलवरून कसा आखायचा?

ताथवड्यात एमबीए करताय? मग प्रोजेक्टचा विषय शेजारच्या चाकणमध्येच सापडेल, फक्त तो छोटा ठेवा. ‘वाहन उद्योगाचा अभ्यास’ दोन महिन्यांत होत नाही. मी असा प्रश्न घेईन: लघुउद्योगांना बिलाचे पैसे ४५ दिवसांत मिळतात का? २००६ च्या एमएसएमईडी कायद्यात हीच कमाल मुदत आहे, म्हणजे मोजायला पट्टी तयार.

आता मोबाइल काढा:

- गूगल स्कॉलरवर आधीचे अभ्यास वाचा, संदर्भ लगेच नोंदवा.
- गूगल फॉर्ममध्ये मूळ प्रश्नाशी जोडलेलेच प्रश्न टाका.
- उत्तरं थेट शीट्समध्ये घ्या.

कॉपी-पेस्ट नकोच. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. १० ते ४० टक्के निघालं तर ६ महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा द्यावं लागतं. ऐन प्लेसमेंटच्या वेळी हे परवडणार नाही.