कॅनोलाचे फूल आणि त्याचे शत्रू

फोडणीत तडतडणारी मोहरी आपल्या ओळखीची आहे. तिचे एक जवळचे भावंड कॅनडाच्या प्रेअरी मैदानांवर लाखो हेक्टरांत पिकते. त्याचे नाव कॅनोला. या पिकाचा इतिहास पाहिला, तर उत्क्रांतीचा धडा पुस्तकातून शेतात आलेला दिसतो.

दुसऱ्या महायुद्धात कॅनडात रेपसीडची लागवड वाढली ती जहाजांच्या इंजिनांना लागणाऱ्या वंगणासाठी. या तेलात एरुसिक आम्ल फार होते आणि पेंडीतील ग्लुकोसिनोलेटे जनावरांना बाधत. मॅनिटोबा विद्यापीठातील बाल्डर स्टेफान्सन आणि सॅस्कटूनचे कीथ डाउनी यांनी निवड व संकर करून ही दोन्ही द्रव्ये घटवली. १९७४ मध्ये दोन्ही कमी असलेला 'टॉवर' हा वाण आला. पुढे १९७८ मध्ये अशा वाणांना 'कॅनोला' हे नाव मिळाले.

बियांचे रसायन बदलले, पण रोग टळले नाहीत. १९७५ मध्ये सस्कॅचेवानात ब्लॅकलेगची उग्र जात आढळली. ही बुरशी कापणीनंतर उरलेल्या धसकटांत टिकते, नव्या रोपाच्या बुंध्याशी खोड कुजवते आणि झाड आडवे होते. १९८२ मध्ये आलेला लोकप्रिय 'वेस्टार' वाण तिला सहज बळी पडला. प्रतिकारक्षम वाण येण्यासाठी १९९०चे दशक उजाडावे लागले.

दुसरा शत्रू फुलाच्याच वाटेने येतो. खोडकूज करणाऱ्या स्क्लेरोटिनिया बुरशीचे बीजाणू पाकळ्यांवर बसतात. गळलेली पाकळी पानाच्या बेचक्यात अडकली, की तिच्यावर पोसून बुरशी खोडात शिरते. म्हणून बुरशीनाशक फुलोऱ्यातच फवारावे लागते आणि नेमक्या त्याच वेळी मधमाश्या शेतात असतात. कॅनोलात स्वपरागण बरेच होते. पण संकरित बियाणे तयार करताना नरवंध्य झाडांना परागकण बाहेरून मिळावे लागतात. त्यासाठी दक्षिण अल्बर्टात मधमाश्यांच्या पेट्या आणि पाने कातरणाऱ्या माश्या शेतात ठेवतात. फवारणीची वेळ चुकली, तर ज्यांच्यावर बियाणे अवलंबून, त्यांनाच अपाय होऊ शकतो.

तिसरी कथा क्लबरूटची. यात मुळे गाठींनी फुगतात आणि झाडाला पाणी नीट मिळत नाही. २००३ मध्ये एडमंटनजवळच्या कॅनोलाच्या शेतांत हा रोग सापडला. यंत्रांना चिकटलेल्या मातीबरोबर तो पसरला. २००९ मध्ये प्रतिकारक्षम संकरित वाण बाजारात आला. २०१३ मध्येच त्याला न जुमानणारे रोगजंतू आढळले.

असे का घडते? मातीत अब्जावधी बीजाणू असतात. त्यांतले अगदी थोडे नव्या वाणावर वाढू शकतात. तोच वाण तिथेच पुन्हा पेरला, की बाकीचे मागे पडतात आणि ते थोडेच वाढत जातात. ही डार्विनची नैसर्गिक निवडच होय. म्हणून आम्ही संशोधक नव्या जनुकाइतकाच आग्रह पिकांच्या फेरपालटीचा धरतो. मध्ये काही वर्षे दुसरे पीक घेतले, की धसकटे कुजतात, मातीतील बीजाणू घटतात आणि वाण अधिक काळ टिकतो.

वर्गात हा प्रश्न अवश्य विचारावा: कापणीला चांगला भाव असताना शेतकऱ्याने तेच पीक का थांबवावे? उत्तर शोधताना विद्यार्थ्यांना जीवशास्त्राबरोबर अर्थशास्त्राचाही विचार करावा लागेल.